मराठी वेक वर्ड: 'गणू' का अडला आणि 'ओ कंडक्टर' का चालेल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलाय की नाही ते तुम्हालाच दिसेल. घरात रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर चालू आहे. हॉलमध्ये ईएसपी३२-एस३ बॉक्स-३ हा माइकवाला छोटा डबा ठेवलाय आणि त्यानं ऐकलेला आवाज पायवरच्या ओपनवेकवर्ड या हाक ओळखणाऱ्या प्रोग्रामकडे जातो. तुमच्या आईंना 'ओके नाबू' हा तयार वेक वर्ड (जी ऐकून यंत्र जागं होतं ती हाक) जमत नाही, त्यांच्या तोंडी त्याचं 'ओके बाबू' होतं. म्हणून तुम्ही 'गणू' हा शब्द गूगलच्या कोलॅबवर (ऑनलाइन प्रोग्राम चालवायची सोय) ट्रेन केला, म्हणजे मॉडेलला ओळखायला शिकवला. आता संध्याकाळी मालिका लागल्या की डबा उगाचच जागा होतो, आणि आईंनी स्वयंपाकघरातून बोलावलं की दोन-तीनदा ओरडावं लागतं. थ्रेशोल्ड (किती खात्री पटली की जागं व्हायचं ती मर्यादा) वर नेला तर आईंचं ऐकत नाही, खाली आणला तर मालिकेचं ऐकतो. चूक मॉडेलची की शब्दाची, असं तुम्ही विचारलंय.

दोन्हींची, पण आधी शब्दाची. मी पुण्यात घरांच्या ऑटोमेशनची कामं करतो. त्यातली बरीच घरं अशीच: मुलं परदेशात नाहीतर बंगळूरला, इथे आईवडील दोघंच, आणि दिवे-पंखे आवाजावर चालावेत ही मुलांची हौस. अशा घरांत माइक कुठला घ्यायचा यावर तासन्‌तास चर्चा होते आणि हाक मात्र शेवटच्या पाच मिनिटांत ठरते. माझ्या मते यंत्रणा वापरात राहणार की महिन्याभरात टेबलावर धूळ खात पडणार, हे हाकेवर जास्त ठरतं. आणि हाक ठरवताना पहिला प्रश्न असा की या घरात दिवसभर काय बोललं जात नाही. आपल्याला काय गोड वाटतं हे त्यानंतर.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. हॉलमध्ये टीव्ही किती तास चालतो, डबा टीव्हीपासून किती लांब आहे, हाक किती जण मारणार, त्यात लहान मूल आहे का, हे मला इथून दिसत नाही. त्यामुळे 'अमुक थ्रेशोल्ड ठेवा' असा आकडा मी देणार नाही. तो आकडा कसा काढायचा ते मात्र खाली सांगतो.

तुमच्यासारखीच अडचण असलेल्या पण तयार उपकरणं वापरणाऱ्यांसाठी दोन ओळी. अ‍ॅमेझॉनच्या इको स्पीकरवर ठरावीक नावांतूनच निवड करता येते: अलेक्सा, अ‍ॅमेझॉन, इको, कॉम्प्युटर, आणि २०२१ पासून झिगी. त्याच वर्षी भारतात पैसे मोजून अमिताभ बच्चन यांचा आवाज घेता यायचा आणि 'अमितजी' अशी हाक मारता यायची. ती सोय पुढे बंद झाली. गूगलवर 'ओके गूगल' किंवा 'हे गूगल', बस्स. फार तर संवेदनशीलता कमी-जास्त करा. अ‍ॅपलनं 'हे सिरी' २०१४ मध्ये आणलं आणि त्यातलं 'हे' काढून नुसतं 'सिरी' चालवायला २०२३ उजाडलं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, 'गणू'च्या वेळी उपयोगी पडेल.

आता डबा आत काय करतो ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय पुढचं पटणार नाही. ओपनवेकवर्डला शब्द, अक्षरं, अर्थ यातलं काही कळत नाही. १६ किलोहर्ट्‌झचा आवाज ८० मिलीसेकंदांच्या तुकड्यांत येतो. गूगलनं आधीच तयार करून ठेवलेलं एक मॉडेल त्या आवाजाचं आकड्यांत रूपांतर करतं, आणि त्यावर बसवलेलं तुमचं छोटंसं मॉडेल मागच्या साधारण दोन सेकंदांचे आकडे पाहून ० ते १ मधला एक स्कोअर देतं. स्कोअर थ्रेशोल्डच्या वर गेला की डबा जागा. म्हणजे सेकंदाला बाराएक वेळा तो स्वतःला विचारतो, 'हे गणूसारखं वाटतंय का?' चार तास मालिका चालल्या तर हा प्रश्न पावणेदोन लाख वेळा विचारला जातो. मॉडेल कितीही चांगलं असलं तरी एवढ्या वेळांत एकदाही फसणार नाही अशी अपेक्षा धरू नका. ओपनवेकवर्डनं स्वतःपुढे ठेवलेलं लक्ष्यच असं आहे की तासाला अर्ध्याहून कमी वेळा चुकून जागं व्हावं आणि खऱ्या हाकांपैकी पाच टक्क्यांहून कमी सुटाव्यात. तासाला अर्धा म्हणजे चार तासांत दोनदा. तेवढं सहन होत असेल तर प्रश्न सुटण्यासारखा आहे.

मोठ्या कंपन्यांना हे जास्त चांगलं जमतं त्याचं कारणही इथेच आहे. त्या दोनदा तपासतात. अ‍ॅपलनं २०१७ मध्ये स्वतःच लिहून प्रसिद्ध केलं की आयफोनमध्ये आधी कमी वीज खाणारा छोटा प्रोसेसर लहान मॉडेलनं ऐकत बसतो, त्याला शंका आली की मुख्य प्रोसेसर जागा होऊन मोठ्या मॉडेलनं खात्री करतो. शिवाय त्यांच्याकडे खऱ्या माणसांच्या आवाजांचा ढीग असतो. तुमच्याकडे एकच चाळणी आहे आणि ती यंत्रानं बोललेल्या आवाजांवर तयार झालीय. म्हणून शब्दानंच मॉडेलचं काम सोपं करायला हवं.

'गणू' ते काम अवघड करतो. एक तर फक्त दोन अक्षरं, बोलायला अर्धा सेकंदही लागत नाही. नुसत्या 'सिरी'साठी अ‍ॅपलला इतकी वर्षं का लागली असावीत याचा अंदाज इथे येतो. दुसरं, सुरुवातीचा 'ग' हा क्षणिक आवाज. स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत येईस्तोवर तो जवळजवळ विरून जातो आणि माइकपर्यंत पोचतं ते '-अणू'. आता कुठल्याही मालिकेत दहा मिनिटं हे '-अणू' आणि त्याच्या जवळचे शब्द मोजत बसा. 'म्हणू', 'जणू', 'आणू', 'गाणं', 'कुणा', 'अंगण', 'गणपती', 'गणेश'. सासू-सुनेच्या एका भांडणात 'काय म्हणू मी आता?' किती वेळा येतं ते तुम्हीच पाहा. भाद्रपदात तर विचारूच नका.

तिसरं, 'ण'. आपल्याकडे बऱ्याच भागांत रोजच्या बोलण्यात 'ण' आणि 'न' यांतलं अंतर पुसट होतं, आणि ज्या इंग्रजी आवाजांवर तुमचं मॉडेल घडलंय त्यांना 'ण' येतच नाही. 'ळ'चंही तेच. 'ख-क', 'भ-ब', 'घ-ग' या जोड्यांवरही भिस्त ठेवू नका. 'च' आणि 'ज'चे आपण दोन-दोन उच्चार करतो, 'चहा'तला वेगळा आणि 'चमचा'तला वेगळा. हाकेत 'चमचा'तला 'च' असेल तर इंग्रजी आवाज तो कधीच नीट म्हणणार नाही. मराठी शब्द निवडताना मी पहिली काट इथेच मारतो: ज्याची ओळख 'ण', 'ळ', महाप्राण ('ख', 'घ', 'भ' वगैरे) किंवा दंत्य ('चमचा'तल्यासारख्या) 'च-ज' यांवरच टिकून आहे तो शब्द बाद.

आता आईंना तीनदा का ओरडावं लागतं ते. हे मला जवळपास प्रत्येक घरात दिसतं आणि इंग्रजीतल्या सूचनांमध्ये याचा उल्लेखही नसतो. आपण नाव उच्चारत नाही, हाक मारतो. समोर बसून 'गणू' म्हणणं वेगळं आणि कढईपाशी उभं राहून 'गणूऽऽऽ' म्हणणं वेगळं. शेवटचा स्वर ताणला जातो, सूर वर चढतो, अर्ध्या सेकंदाचा शब्द दीड सेकंदाचा होतो. मॉडेलनं शिकताना ऐकलेले आवाज मात्र पुस्तक वाचल्यासारखे सपाट असतात. एकदा ऐकलं नाही की आई आणखी ताणून ओरडणार, म्हणजे मॉडेलपासून आणखी लांब जाणार. तिसऱ्या वेळी वैतागून पुढे होऊन त्या तुटक 'गणू!' म्हणतात आणि नेमकं तेव्हा डबा ऐकतो. त्यात भर म्हणजे मराठीत नाव हाकेत बदलतं. गणूचा 'गण्या' होतो, रागात 'ए गण्या' होतो, लाडात 'गणोबा' होतो. आईंनी दिवसभरात तीन वेगळी रूपं वापरली तर त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून शब्द असा हवा की तो साधारण तीन ते पाच अक्षरांचा असेल, त्यात एकमेकांपासून लांबचे स्वर किंवा कडक व्यंजनं असतील, ताणला तरी त्याचा सांगाडा मोडणार नाही, लाडात-रागात बदलणार नाही, आणि घरात-टीव्हीवर सहसा येणार नाही. 'अलेक्सा'मधला 'क्स' असाच कामाला येतो. त्या कडक आवाजामुळे नाव ओळखणं सोपं जातं असं अ‍ॅमेझॉनच्या लोकांनीच सांगितलेलं आहे. शिवाय घरातल्या, शेजारच्या, किंवा कामाला येणाऱ्या मावशींच्या नावाशी तो जुळू नये. मावशींचं नाव डब्याला देऊन त्याला हुकूम सोडणं ऐकायलाही बरं वाटत नाही. देवाचं नाव अजिबात नको. राम, हरी, देवा, विठ्ठल हे आपल्याकडे जांभई देतानाही तोंडात येतात, आणि आरतीला तर डबा वेडापिसाच होईल. 'अगं', 'अहो', 'ऐक' हेही एकटे नकोत. 'अहो' ठेवलंत तर वडील आणि डबा दोघंही एकदम ओ देतील.

या निकषांवर मी तुमच्यासाठी दोन शब्द तपासले. पहिला 'टिकोजीराव'. ऐकायला मजेदार, इ-ओ-ई-आ असे दर अक्षराला बदलणारे स्वर, ट-क-ज-र अशी चार वेगळी व्यंजनं, आणि कुणी त्याचं लाडाचं रूप करत नाही. आधी मला हाच पक्का वाटला. पण तुमच्या घरी ऐतिहासिक मालिका बघतात का? तिथे 'मालोजीराव', 'तुकोजीराव', 'संभाजीराव' सारखे येत असतात, आणि 'तुकोजीराव' व 'टिकोजीराव' यांत फरक केवळ पहिल्या अक्षराचा. तो फरक मॉडेलला शिकवता येतो, पण मुद्दाम त्या वाटेला कशाला जायचं? अशा मालिका घरात लागतच नसतील तर खुशाल 'टिकोजीराव' घ्या.

दुसरा, आणि माझी शिफारस याची: 'ओ कंडक्टर'. हसू नका. एसटीतून फिरलेल्या कुठल्याही आईला हे शब्द शिकवावे लागत नाहीत, आणि म्हणताना संकोचही वाटत नाही. चार अक्षरं, मधे 'कं-डक्-टर' असे तीन कडक ठोके. घरात दिवसचे दिवस हा शब्द कुणी उच्चारत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लांबून हाक मारताना ताण 'ओऽऽऽ'वर पडतो, आणि मागचं 'कंडक्टर' जसंच्या तसं राहतं. ताणल्यानं 'गणू'चं जे होतं ते इथे होत नाही. आणि मूळ शब्द इंग्रजी असल्यामुळे ट्रेनिंगसाठी आवाज तयार करणारं यंत्र तो बऱ्यापैकी नीट म्हणतं.

याचाही एक तोटा आहेच: '-क्टर'. मालिकेत 'डॉक्टर' दर भागात येतो, त्याच्या जोडीला 'इन्स्पेक्टर', 'कलेक्टर', 'डायरेक्टर'. बातम्यांत 'ट्रॅक्टर'. पण यांची सुरुवात वेगळी आहे, आणि ही यादी छोटी, ठरलेली आहे. मॉडेलला 'हे नव्हे' म्हणून आधीच सांगून ठेवता येते. '-अणू'ची यादी तशी संपतच नाही.

ट्रेनिंगला बसण्याआधी एक बिनखर्चाची चाचणी करा. आईंना काही न समजावता दोन दिवस 'ओ कंडक्टर' म्हणायला सांगा, डबा बंद ठेवून. पोळ्या लाटताना, खुर्चीतून, गॅलरीतून. तिसऱ्या दिवशीही त्या तेच आणि तसंच म्हणतायत का ते ऐका. तोवर त्याचं 'ओ कंडक्टरबुवा' झालं असेल तर मग 'कंडक्टरबुवा'च ट्रेन करा. माणसाला शब्दाकडे ओढण्यापेक्षा शब्द माणसाकडे नेलेला बरा.

आता ट्रेनिंग. कोलॅबच्या नोटबुकमध्ये शब्द टाइप केला की तासाभरात मॉडेल हातात येतं, म्हणून लोक मधला टप्पा टाळतात. नोटबुक पायपर नावाच्या यंत्राकडून तुमचा शब्द शेकडो वेगवेगळ्या आवाजांत वदवून घेतं, पण ते आवाज इंग्रजी वाचणारे आहेत. तुम्ही जी-ए-एन-यू असं लिहिलं असेल तर पायपरनं त्याचं बहुधा 'गॅनू' किंवा 'गॅन्यू' केलं असणार. म्हणजे मॉडेल 'गॅनू' शिकलं आणि तुम्ही त्याला 'गणू' ऐकवताय. नोटबुकमध्ये नमुना ऐकायची सोय सुरुवातीलाच दिलेली आहे, ती वापरा. ऐकून कानाला मराठी वाटेपर्यंत स्पेलिंग बदलत राहा. व्याकरण विसरा, उच्चारावर लक्ष द्या. 'ओ कंडक्टर'साठी नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग चालेल, पण त्याच्या जोडीला उच्चाराप्रमाणे लिहिलेली आणखी एक-दोन स्पेलिंग द्या, कारण आपला 'टर' अमेरिकन 'टर'पेक्षा स्पष्ट असतो.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे मराठी आवाज मिसळणं. एआय४भारत या भारतीय भाषांवर काम करणाऱ्या गटाची मराठी बोलणारी मॉडेलं खुली आहेत, त्यांच्याकडून काही नमुने वदवून घ्या. आणि घरच्यांचे खरे आवाज रेकॉर्ड करा. आईंच्या जवळून-लांबून मारलेल्या हाका, ताणलेल्या, घाईतल्या, घसा बसलेला असतानाच्या, वडिलांच्या, सुटीत येणाऱ्या नातवंडांच्या. फोनवर केलं तरी चालतं, पण निम्मं रेकॉर्डिंग तरी डबा जिथे आहे तिथूनच व्हायला हवं, म्हणजे त्या खोलीचा घुमारा त्यात येतो. हे नोटबुकमध्ये एका बटणानं होत नाही, फाइल्स योग्य फोल्डरमध्ये टाकून ट्रेनिंग पुन्हा चालवावं लागतं. तुम्ही एकदा मॉडेल केलंच आहे, म्हणजे हेही जमेल.

'हे नव्हे' म्हणून द्यायच्या नमुन्यांवर तर जास्तच मेहनत घ्या. ओपनवेकवर्ड मिळतेजुळते शब्द आपोआप तयार करतं, पण ते इंग्रजी उच्चारांच्या हिशेबानं. ट्रेनिंगच्या सेटिंगमध्ये स्वतःची यादी द्यायची जागा आहे. तिथे 'डॉक्टर', 'ओ डॉक्टर', 'इन्स्पेक्टर', 'कलेक्टर', 'डायरेक्टर', 'ट्रॅक्टर', 'ओके डॉक्टर', शिवाय नुसतं 'कंडक्टर'ही घाला. हो, नुसतं 'कंडक्टर'सुद्धा. म्हणजे मॉडेल सुरुवातीच्या 'ओ'कडे लक्ष द्यायला शिकतं आणि कुणी एसटीचा किस्सा सांगत बसलं तर डबा मधे तोंड घालत नाही. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या खुल्या आवाज-संग्रहात मराठी वाक्यांची रेकॉर्डिंगं आहेत, ती 'हे नव्हे'च्या बाजूला घाला. आणि तुमच्या घरातल्या एका संध्याकाळचा टीव्ही, मिक्सर, कुकरची शिट्टी, पंखा. परदेशी घरांतल्या आवाजांवर शिकलेल्या मॉडेलनं कुकर ऐकलेला नसतो.

मग थ्रेशोल्ड. तुम्ही तो वरखाली करून थकलात, कारण तुम्ही अंदाजानं करताय. मोजून करा. दोन रेकॉर्डिंगं घ्या: एक पूर्ण संध्याकाळ टीव्हीची, जिच्यात कुणी हाक मारलेली नाही; आणि एक आईंच्या वेगवेगळ्या जागांवरून मारलेल्या हाकांची. दोन्ही डब्याच्याच जागेवरून. १६ किलोहर्ट्‌झ, एका चॅनेलची वेव्ह फाइल करा आणि संगणकावर ओपनवेकवर्डच्या पायथन लायब्ररीला द्या. दर ८० मिलीसेकंदांचा स्कोअर मिळतो. टीव्हीच्या फाइलमधले सर्वांत वरचे दहा स्कोअर लिहा. हाकांच्या फाइलमधला प्रत्येक हाकेचा सर्वांत वरचा स्कोअर लिहा. समजा टीव्ही ०.४५ च्या वर कधी गेला नाही आणि आईंची सर्वांत दुबळी हाक ०.७ आहे, तर थ्रेशोल्ड ०.६ ठेवा आणि विसरून जा. पण टीव्ही ०.८ पर्यंत जातोय आणि आईंच्या निम्म्या हाका ०.५ वर अडकतायत असं असेल, तर कुठलाही आकडा तुम्हाला वाचवणार नाही. दोन ढिगांमधली दरी शब्दानं आणि ट्रेनिंगनं पडते, थ्रेशोल्ड फक्त त्या दरीत कुठे उभं राहायचं ते ठरवतो. माझा अंदाज असा की 'गणू'साठी तुमच्याकडे दरीच नाही.

होम असिस्टंटच्या ओपनवेकवर्ड अ‍ॅड-ऑनमध्ये थ्रेशोल्डच्या खाली 'ट्रिगर लेव्हल' नावाची दुसरी सेटिंग आहे. ती १ असते, म्हणजे स्कोअर एकदा वर गेला की पुरे. २ केलीत तर एकापेक्षा जास्त तुकड्यांत स्कोअर वर जावा लागतो. टीव्हीतले चुकीचे स्कोअर बऱ्याचदा क्षणभरच उसळतात, चार अक्षरांची खरी हाक थोडा वेळ वर टिकते, त्यामुळे लांब शब्दाला २ चांगली चालते. 'गणू'सारख्या छोट्याला ती मारक ठरते.

जागेबद्दल फार लिहीत नाही: डबा टीव्हीच्या युनिटवर असेल तर आजच हलवा. टीव्हीच्या समोरच्या बाजूला, भिंतीच्या कोपऱ्यात नको, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून. यानंच निम्मा त्रास कमी झालेली घरं मी पाहिलीत.

तरीही तो कधीतरी उगाच जागा होणारच, तेव्हा जागा झाल्यावर त्याच्या हातात काय आहे ते पाहून ठेवा. २०२० मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या आणि माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी तयार उपकरणांसमोर मालिका आणि बातम्या लावून पाहिल्या, तर चुकून जागं करणारे हजाराहून जास्त शब्दसमूह निघाले. 'इलेक्शन' म्हटलं की अलेक्सा उठायची, 'ओके कूल'ला गूगल. त्याआधी २०१७ मध्ये बर्गर किंगनं अमेरिकेत टीव्हीवरच्या जाहिरातीत मुद्दाम 'ओके गूगल' म्हणवून घराघरांतले गूगल होम बोलते केले होते. तुमचा सगळा कारभार घरातल्या पायवरच असेल तर आवाज बाहेर जाण्याची भीती नाही, पण उगाच जागा झालेला डबा पुढचं वाक्य हुकूम समजणार. दिवा लागला तर काही बिघडत नाही. गिझर, दाराचं कुलूप, पाण्याची मोटर ही तीन मात्र आवाजाला उघडी ठेवू नका. ठेवायचीच तर आधी 'खरंच करू का?' असं विचारणारी स्क्रिप्ट मधे घाला.

आणि एक गैरसमज जो तुमच्या प्रश्नात डोकावतो: हाक मराठी केली म्हणून पुढचं मराठी त्याला कळायला लागत नाही. हाक ओळखणं आणि बोलणं लिहून घेणं ही दोन वेगळी मॉडेलं आहेत. बोलणं लिहून घेणाऱ्या व्हिस्पर या मॉडेलला मराठी येतं, पण पायवर चालण्याइतक्या छोट्या आवृत्त्यांचं मराठी कच्चं असतं. आई 'हॉलचा दिवा लाव' म्हणाल्या आणि काहीच झालं नाही, तर दोष हाकेला देण्याआधी लॉगमध्ये (यंत्र ठेवतं त्या नोंदीत) काय लिहिलं गेलंय ते बघा. डबा जागा झाला असेल आणि त्यानं भलतंच काही ऐकलं असेल. मी अशा घरांत पाच-सहा ठरावीक वाक्यं नेमून देतो आणि लॉगमध्ये दिसणारी त्यांची चुकीची रूपंही त्याच कामाला जोडून टाकतो.

पॉर्क्युपाइन वापरू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. पिकोव्हॉइसच्या या यंत्रणेत शब्द नुसता टाइप करून मॉडेल मिळतं, आणि त्यात हिंदी आहे, त्यामुळे 'ण' किंवा महाप्राण असलेला शब्द इंग्रजीपेक्षा बरा जमेल. पण ती कंपनीच्या परवान्यावर चालते. स्नोबॉय नावाची अशीच लोकप्रिय सेवा २०२० अखेर बंद झाली आणि तिच्यावर बांधलेली कितीतरी घरं अडकली. आईंना दरवर्षी नवी हाक शिकवायची नसेल तर मॉडेलची फाइल आपल्या ताब्यात असलेली बरी. उद्या पायवरचा भार काढून ऐकण्याचं काम डब्यातच करायचं झालं तर त्यासाठी मायक्रोवेकवर्ड आहे, त्याचं ट्रेनिंग मात्र अजून खटपटीचं आहे आणि आत्ताची फाइल तिथे चालणार नाही. रेकॉर्ड केलेले आवाज चालतील, म्हणून ते जपून ठेवा.

नवा शब्द ट्रेन केल्यावरही अडलं तर दोनच आकडे कळवा: टीव्हीच्या फाइलमधला सर्वांत मोठा स्कोअर आणि आईंच्या हाकांमधला सर्वांत लहान. त्यावरून पुढे शब्द बदलायचा की ट्रेनिंगमधले आवाजांचे नमुने वाढवायचे ते सांगता येईल.